माझे पाहुणे गाल

त्या वर्षी मला गाल आले. बाकीच्यांना ते जन्मापासून असतात, त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर शाळेत शिकवते आणि नोकरीला लागल्यापासून माझी ओळख 'ती वाळकी बाई' अशीच आहे. नवरा मुंबईत एचआयव्हीने गेला, आणि जाताना तो मलाही देऊन गेला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. महाडच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायच्या, थायरॉईडच्या रिकाम्या बाटलीत भरायच्या आणि मुकाट गिळायच्या. कुणी विचारलंच, की सगळं थायरॉईडवर ढकलायचं.

तर गाल. त्याची सुरुवात झाली गुडघ्यांपासून. आमच्या वाडीत गौरीला फुगडी न घालणारीला बायका वर्षभर सुखाने जगू देत नाहीत, आणि फुगडीत मीही कुणाला ऐकत नाही. म्हणून गौरीच्या आधी आम्ही दुखऱ्या गुडघ्यांच्या बायका टमटम करून महाडला हाडाच्या डॉक्टरांकडे जातो आणि गुडघ्यात इंजेक्शन घेऊन येतो. वाडीत त्याला 'गौरीची सुई' असंच म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरी कुठली औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, "थायरॉईडची." दोन्ही गुडघ्यांत सुया घेतल्या आणि गौरीला अशी गरगरले, की समोरचीने हात जोडले.

नवरात्रापर्यंत आरशात कुणीतरी वेगळीच बाई दिसायला लागली. गोल, टुमटुमीत. शेजारीण म्हणाली, "बाई, आता कशा भरल्यासारख्या दिसताय, नायतर नुसता सांगाडा हुता." हेडमास्तरांनी शालेय पोषण आहार आपण तपासायला हवा, असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मी हुरळून गेले. ब्लाऊज उसवून घेतले, मोठं कुंकू लावायला लागले, खडू संपलेला नसतानाही ऑफिसात जाऊन यायला लागले, कारण तिथे आरसा आहे. वाटलं, आजार हरला. जिना चढताना मांड्या थरथरायच्या, बाकाचा कोपरा नुसता लागला तरी दंडावर काळंनिळं व्हायचं. पण गाल असलेल्या बाईने मांड्यांकडे कशाला बघायचं?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र मला बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "इंजेक्शन कुठे घेतलंत?" त्यांनी थेटच विचारलं. मी गुडघे दाखवले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या गोळ्या बदलल्या होत्या, कारण जुन्या लागू पडेनाशा झाल्या होत्या. नव्या औषधात रिटोनाव्हिर नावाचा एक जोडीदार होता. त्याचं काम काय, ते बाईंनी मला पंगतीवरून समजावलं. लिव्हर म्हणजे पत्रावळी उचलणारा माणूस. औषधाचं जेवण होतं न होतं तोच त्याला उठवून बाहेर काढतो. रिटोनाव्हिर त्या माणसाचे हात धरून ठेवतो, म्हणजे मुख्य औषध निवांत बसतं आणि पुरेसं काम करतं. "पण हात धरले की सगळ्यांसाठीच धरले जातात," त्या म्हणाल्या. "तुमच्या गुडघ्याच्या सुईतलं स्टेरॉईडही पंगतीत बसलंय ते उठेचना. हे गाल त्याचेच."

मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की गाल जातील का. बाईंना हसू आवरेना. मग मात्र त्या हसायच्या थांबल्या. बाहेरचं स्टेरॉईड असंच साचून राहिलं, की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं, मग साधा तापही जिवावर बेतू शकतो. आणखी एक सुई घेणं म्हणजे खेळ नव्हे. "हाडाच्या डॉक्टरांना खरं सांगा. आणि यापुढे कुठल्याही डॉक्टरांना."

इथे माझी हवा गेली. हाडाच्या डॉक्टरांचं मला भय नव्हतं. भय होतं ते त्यांच्याकडच्या नर्सचं. ती आमच्याच वाडीची, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारी. सुयांचा ट्रे घेऊन ती कायम त्यांच्या शेजारी उभी असते. तिच्या कानावर गेलं, की माझी एसटी पोलादपूरला पोचायच्या आत वाडीला कळणार, असा माझा हिशेब. शाळेत पोरांना घरची माणसं धाडतील का, हा त्याच्या पुढचा.

तरी गेले. कशी गेले ते विचारू नका. खुर्चीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, नवऱ्यापासून रिटोनाव्हिरपर्यंत. डॉक्टरांनी शांतपणे लिहून घेतलं, सुई बंद केली, मांडीचे व्यायाम दिले आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." नर्सने ट्रे खाली ठेवला.

मी बाहेर पडले, तर ती माझ्या मागोमाग आली. आता चौकश्यांना सुरुवात होणार, असं मला वाटलं.

"मला ठावक हाय, बाई," ती हळूच म्हणाली. "माझा भाव बी त्याच सरकारी दवाखान्यातनं गोळ्या आनतो. त्याच्यासंगं मी असते. तुमाला कितींदा बगितलंय."

"मग कधी बोलली नाहीस?"

"काय बोलनार? तुमी दिसलात की आमीच खांबामागं जायचो. तुमी आमाला बगाल म्हनून."

इतकी वर्षं मी वाडीपासून लपत होते आणि वाडी माझ्यापासून लपत होती, त्याच दवाखान्यात, हातभर अंतरावर. मला इतकं हसू आलं, की पायरीवर बसावं लागलं. तीही बसली. हसताहसता दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि आत वाट बघत बसलेले पेशंट दारातून डोकावून गेले.

पुढल्या खेपेला गोळ्या आणायला ती, तिचा भाऊ आणि मी एकाच एसटीने गेलो, एकाच बाकावर बसून.