साडूंच्या गिटारीचा पहिला सूर

गिटार शिकणारे जगात ढिगानं असतील, पण गिटारीची तपासणी करणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला आहे. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात त्यांची उभी हयात गेली. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं हट्ट धरला, “पप्पा, माझ्या हळदीला तुम्ही एक गाणं वाजवायचं.” झालं! पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये गिटार आली आणि तिच्यामागून हत्यारांचं वऱ्हाड आलं. सूर दाखवणारा ट्यूनर, टिकटिकणारा मेट्रोनोम, बोटांच्या व्यायामाच्या स्प्रिंगा, गाणं हळू करून ऐकवणारी अ‍ॅपं. जिथली वस्तू तिथंच टांगली जावी म्हणून हॉलच्या भिंतीवर कंपनीसारखी प्रत्येक वस्तूची पिवळी आकृती रंगवली होती. तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याच्या, म्हणजे कॅपोच्या, आकृतीवर मी एकदा किल्ल्या अडकवल्या, तर अर्धा तास शिस्तीवर भाषण ऐकावं लागलं. मेट्रोनोम दिवसभर चालू. मेहुणीच्या पोळ्यासुद्धा तालात लाटल्या जायच्या. बोटांना घट्टे पडले का, हे साडू व्हर्नियरनं मोजत आणि मान हलवत, “अजून टॉलरन्समध्ये नाहीत.”

सगळं होतं, फक्त गाणं नव्हतं. कंपनीत शिफ्टचा पहिला नग पास झाल्याशिवाय पुढचा माल काढत नाहीत. साडूंनी तोच नियम गिटारीला लावला. पहिला सूर पास झाल्याशिवाय दुसरा वाजवायचा नाही! ट्यूनरचा काटा केसभर हलला की “रिजेक्ट!” आणि तारेला लाल टॅग. लेक बिचारी रोज समोर येऊन बसायची, चहा गार करून उठून जायची.

“अहो, एकदा वाजवून तर बघा राव!” मी म्हणालो.

“आणि कम्प्लेंट आली तर? सही तुम्ही करणार?”

सही कुठं करायची असते हेच मला कळेना. मेहुणी आतून ओरडली, “पोरगी नांदायला जाईल, पण ह्यांचा पहिला सूर काही निघायचा नाही!”

हळदीच्या सकाळी मांडव भरला. साडूंनी ट्यूनर लावला आणि त्याचा सेल संपलेला! माणूस पांढराफटक पडला. “लाइन बंद,” असं म्हणून त्यांनी गिटार खाली ठेवली. लेकीचा चेहरा असा उतरला की मला साडूंचा भयंकर राग आला. पण तीच पाटावरून उठली, हळदीच्या हातांनी गिटार उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“पप्पा, कस्टमर कोण?”

“तू.”

“मग मी डेव्हिएशन देते. आहे तसा माल मला चालेल.”

मापात न बसलेला माल गिऱ्हाइकानं राजीखुशीनं घ्यायचा, याला कंपनीत डेव्हिएशन म्हणतात. साडूंनी नोकरीभर असा एकही नग सोडला नव्हता. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि वाजवलं. काय वाजवलं म्हणता! आचारी झारा घेऊन बाहेर आला. ओळखीची एक ओळ लागेल तर शपथ. पण लेक रडत होती, हसत होती, आणि साडू शेवटपर्यंत थांबले नाहीत.

ती आता नागपूरला असते. परवा पुनावळ्याला गेलो तर साडू तिला व्हिडिओ कॉल लावून, फोन टेबलावर उभा करून तेच गाणं वाजवत होते, तितकंच भयाण. संपल्यावर त्यांनी घाबरत विचारलं, “कसं झालं गं?”

पलीकडून ती म्हणाली, “घरी बसल्यासारखं वाटलं, पप्पा. परत वाजवा ना.”