एका शर्यतीचे दोन फेटे

ती घटना मागे पडली असं मला अधूनमधून वाटतं. मग कुठल्या तरी लग्नात केशरी जरीचा फेटा दिसतो आणि हातातला घास हातातच राहतो. बायको विचारते, काय झालं. मी म्हणतो, काही नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी बुलढाण्याला नवा सब-इन्स्पेक्टर होतो. नवा म्हणजे बुटाला पॉलिश भरपूर आणि अक्कल बेताची. दवाखान्याच्या मदतीसाठी त्या साली प्रदर्शन भरलं आणि त्यात मोटारींची शर्यत ठेवली. देऊळघाटच्या रस्त्याला ज्वारी काढून मोकळं झालेलं शिवार होतं. त्यावर रोलर फिरवला, चुन्याच्या रेघा मारल्या. मोटारी पाच-सहाच, पण माणूस लोटला होता. तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी पळणारी मोटार पहिल्यांदाच बघितली असेल.

त्यातल्या दोन मोटारी मलकापूरच्या एकाच सेठच्या होत्या. सेठचं कापसाचं जिन होतं आणि स्टेशन ते बुलढाणा अशी त्याची मोटार सर्व्हिस चालायची. शर्यतीला उतरलेले दोघे त्या सर्व्हिसचेच ड्रायव्हर. नावं मी सांगणार नाही. एक देऊळघाटचा मुसलमान, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. दुसरा दुसरबीडचा, आखाड्यातला गडी, म्हणून पैलवान. मिस्त्रीनेच पैलवानाला मोटार शिकवली होती. दोघं एकाच डब्यातून जेवत, आणि एकाच्या पाळीला दुसरा गाडी काढी.

शेवटच्या फेरीत या दोघांच्या मोटारी सगळ्यांच्या पुढे होत्या. वळणावरच्या बाभळीपाशी दोन्ही शेजारी आल्या. एकाने दुसऱ्याला वाट द्यायची एवढंच काम होतं. कोणीच दिली नाही. आतल्या बाजूने पैलवानाची मोटार मिस्त्रीच्या मोटारीवर आदळली आणि मिस्त्रीची मोटार चुन्याची रेघ ओलांडून लोकांत उलटली. बाकीचे पांगले. एक माणूस खाली सापडला. बाजारातला कासार होता. सकाळीच मी त्याच्याकडून बायकोसाठी बांगड्या घेतल्या होत्या, आणि त्याने दोन बांगड्या वर दिल्या होत्या.

मी वीस पावलांवर बंदोबस्ताला उभा होतो. माझे पाय जागचे हलेनात. लोकही ओरडले नाहीत. पलीकडे बँडवाल्यांना काही कळलंच नव्हतं, ते तसेच वाजवत राहिले. हवालदाराने माझा दंड धरून हलवलं तेव्हा मी पुढे झालो.

पंचनामा मीच केला. पैलवानाच्या मोटारीत सीटखाली कागदात गुंडाळलेला केशरी जरीचा नवा फेटा मिळाला, तो लिहिला. मिस्त्रीच्या मोटारीतही तसाच मिळाला, तोही लिहिला. डोकं चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जबान्या सुरू झाल्या. निष्काळजीपणे मोटार हाकून माणूस मेला, म्हणजे दोघांपैकी एकाला तुरुंग ठरलेला. अशा वेळी आरोपी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवतात. इथे उलटंच झालं.

"चूक माही हाय, साहेब," मिस्त्री म्हणाला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. "मले ब्रेक लावाले पायजे होता. त्या पोराले कायले धरता?"

पैलवान म्हणाला, "धडक माझ्या मोटारीनं दिली न्हवं? मग लिहा की माझं नाव. मिस्त्रीला घरी जाऊ द्या."

तीन दिवस दोघांचं हेच. डायरी रोज वर जायची आणि वरून रोज विचारणा यायची, की खरा जबाबदार कोण.

चौथ्या दिवशी फेटे विकणारा एक म्हातारा दुकानदार ठाण्यात आला. दारातच घुटमळत होता.

"बोला बाबा."

"मी काई तक्रार घेऊन नाही आलो. पन मनात एक गोष्ट सलून राह्यली. शर्यतीच्या दोन दिस आंधी, जिंकनाऱ्याले बांधाले म्हनून, सेठ माह्याकडून फेटे घेऊन गेला. कापडाच्या एकाच थानातले दोन. मी म्हनलं, सेठजी, जिंकनार एक, मंग फेटे दोन काऊन? तं तो नुसता हासला."

मी मुद्देमालाची खोली उघडली. दोन्ही फेटे कपाटात शेजारी शेजारी पडले होते. रंग तोच, काठ तोच. मीच लिहिले होते आणि मलाच दिसले नव्हते.

इथे मी जे केलं ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलो आहे. ते दोन फेटे टेबलावर ठेवून दोघांना एकत्र बोलावलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण मला ठाण्यातली जुनी युक्ती वापरून बघायची हौस. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मिस्त्रीला सांगितलं, पैलवानाने तुझं नाव घेतलं आहे, तू जळफळाटाने मोटार मुद्दाम अंगावर घातलीस म्हणतो. पैलवानालाही तेच सांगितलं, फक्त नाव बदलून.

मिस्त्रीने झोळीतला हात सावरला. मग म्हणाला, "असं म्हनला तो? मंग लिहा. सेठनं मले कसम घालून सांगतलं होतं, या खेपेले तू जिंकाचं, पैलवान बाभळीपाशी तुले वाट देईन. त्यानं देली नाही. मुद्दाम देली नाही त्यानं."

मी दुसऱ्या खोलीत गेलो. पैलवान रडत होता, एवढा आडदांड माणूस. "सेठनं फेटा आदीच हातात दिला, शपथ घालून म्हनला, तुझाच. मिस्त्री बाभळीपाशी मागं हटंल, पर त्याला बोलू नगंस, त्याचा मान जाईल. मी वाट बघितली साहेब. तो हटलाच न्हाई. तुमी म्हनता ते खरं असंल."

दोन्ही जबान्या मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. तोच शब्द, तीच बाभूळ, तीच शपथ. दोघंही निर्धास्तपणे एका जागी पोचले होते, कारण समोरचा हटणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

सेठला बोलावलं. तो घाबरला नाही, उलट त्याला माझंच नवल वाटलं. "मी काय वाईट केलं, साहेब? दोघांनाही उमेद दिली. जिनमधेही मी हरेक माणसाले हेच सांगतो, का तूच माहा खास. काम जोरात होते. मोटर काई मी चालवत नव्हतो."

सरकारी वकिलांनी कागद वाचले आणि मान हलवली. उमेद देण्याला कलम नाही. धडक पैलवानाच्या मोटारीची, शिक्षा पैलवानाला. मिस्त्री त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला आणि एकदाही त्याने आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघितलं नाही. माझी मात्र तपासाबद्दल वरून पाठ थोपटली गेली.

पुष्कळ वर्षांनी, पेन्शनला थोडेच दिवस उरले असताना, मलकापूर स्टेशनमागे मिस्त्रीचं छोटं गॅरेज दिसलं. तो ट्यूबचं पंक्चर काढत बसला होता. मी शेजारच्या खोक्यावर बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं, की त्या दिवशी मी खोटं बोललो होतो.

"म्हंजे त्यानं माहं नाव घेतलंच नोतं?"

"नाही. मी सांगेपर्यंत तो स्वतःचंच घेत होता."

त्याने कानस खाली ठेवली. "पैलवान मांगल्या साली गेला, साहेब. मले निरोप आलता. मी मातीले नाही गेलो."

मी कानस उचलून त्याच्या हाताशी ठेवली.

"सेठनं मोटरी ठोकल्या," तो म्हणाला, "पन तीन दिस तुमच्या ठान्यात आमी एकमेकांसाठी भांडून राह्यलो होतो. तुमी बघत होते." एवढं बोलून त्याने पुन्हा ट्यूब हातात घेतली.

त्या सेठचा मला संताप आला होता. दोन माणसांना वेगवेगळं गाठून खोटं सांगायचं आणि आपलं काम काढायचं, एवढाच त्याचा गुन्हा. तो माणूस मला ओळखीचा का वाटला नाही, कोण जाणे. त्या दिवशीच्या रोजनाम्यात माझ्या अक्षरात नोंद आहे: 'आरोपींस वेगवेगळे बसवून युक्तीने विचारपूस केली. सत्य उघड झाले.'