तक्रारीला जोडायचा फोटो

चिकपेटेच्या बाजारात माझा फोन चोरीला गेला, म्हणून मी पोलिस ठाण्यात बसले होते. शेजारी बेळगावकडची एक मुलगी होती, कायदा शिकणारी. कुरतडलेल्या नखांनी ती हातातल्या अर्जाचा कोपरा सारखा दुमडायची, पुन्हा सरळ करायची. दुसऱ्या बाईच्या उघड्या अंगावर हिचा चेहरा चिकटवून कुणीतरी तो फोटो इंटरनेटवर टाकला होता.

“कलमं पाठ आहेत की मला, अक्का. परीक्षेत ह्यावर पैकीच्या पैकी पडलेत.”

“मग दे ना अर्ज. बसून काय होणार?”

“फोटोची प्रिंट जोडा म्हणतात. आधी झेरॉक्सवाला बघणार, मग हे सगळे. पुस्तकात हे नव्हतं बघा.”

“आण इकडे, मी काढून आणते प्रिंट.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तुम्हीपण बघणार.”

मी पुढे केलेला हात मागे घेतला. तेवढ्यात आतून हाक आली. फोनची तक्रार पाच मिनिटांत नोंदली गेली. बाहेर आले तर ती अर्ज न देताच निघून गेली होती.

तिचं नाव मी विचारलं नव्हतं. बरंच झालं. कळलं असतं, तर घरी जाऊन मी ते इंटरनेटवर शोधलं असतं.