हमुराचे वाटे

माझ्या नवऱ्याला मासा मिळत नाही असं नाही हो. मिळालेला मासा घरापर्यंत येत नाही, हे माझं रडगाणं आहे.

हाफिज, म्हणजे आमचे हे, मूळचे जयगडच्या खाडीकाठचे. इथे कतारात एका मेंटेनन्स कंपनीत एसीचे फोरमन. आठवडाभर लोकांची घरं गार करायची आणि शुक्रवार उजाडला की गरी, दोर आणि माकुलाचं आमिष घेऊन गाडी थेट अल खोरच्या पुढच्या खडकांवर. तिथे गरवायला आणखी कोण येतं? बरवा अल बराहाच्या कामगारवस्तीतल्या खोल्यांतून सुट्टीला बाहेर पडलेले कामगार. सगळे यांचे सोयरे! कुणाचा दोर गुंतला, हाफिजभाई. कुणाचं आमिष संपलं, हाफिजभाई. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे या माणसाला.

पण त्या शुक्रवारी मी बजावून ठेवलं होतं. आमच्या अलीजाला बघायला अबू हमूर भागातून पाहुणे येणार होते. जन्नतआपा आणि त्यांचा मुलगा रियाज. घराणं रायगडचं, मुलगा बँकेत, राहायला व्हिला. अलीजा क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. पोर चांगली, पण आलेलं प्रत्येक स्थळ कुठेतरी अडायचं. हे तरी जमू दे, म्हणून मी रोज दुआ मागत होते. आणि फोनवर बोलता बोलता फुशारकी मारून बसले, "आपा, आमच्याकडे मासा बाजारचा नाही हं. हे स्वतः गरवून आणतात. अख्खा हमूर ठेवीन तुमच्यापुढे, डोक्यासकट!"

हमूर म्हणजे आपल्याकडचा गोब्रा. आमच्या घरात त्याचं डोकं पाहुण्याच्या पानात वाढतात. तो मान असतो.

जुम्म्याच्या नमाजाआधी हे घरी आले. चेहरा असा फुललेला! "अमिना, एवढा हमूर जन्मात गरीला लागला नव्हता," म्हणत दोन्ही हात पसरून दाखवले. मी मोठी परात पुढे केली. यांनी पिशवीतून काढून तिच्यात ठेवला शेपटाकडचा तुकडा. वीतभर!

"बाकीचा कुठाय?"

"वाटे केले."

डोकंच फिरलं माझं. झालं होतं असं, की मासा गरी गिळून खडकाच्या कपारीत घुसला आणि दोर हलेना. आजूबाजूचे धावले, कुणी कुणी दोर धरला. फजल नावाचा एक गवंडी तर छातीभर पाण्यात उतरला आणि कपारीत हात घालून त्याने मासा बाहेर ओढला. हात पार सोलवटून निघाला त्याचा. मग काय, यांनी तिथेच सुरी काढली. गावाला किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढतात, तेव्हा ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा मिळतो, मग तो वाटेने जाणारा का असेना. तो कायदा आमच्या साहेबांनी कतारात लागू केला! डोकं फजलला आणि शेपूट स्वतःला.

"अहो, रापण गावाची असते! ही गरी तुमची, दोर तुमचा, मुलगी तुमची! निदान येताना बाजारातून दुसरा तरी आणायचा!"

"आणि गरवलेला म्हणून बाजारचा वाढायचा? पाहुण्यांना?" एवढं बोलून हे अंघोळीला गेले.

या अल्ला! असल्या माणसाशी भांडावं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटावं, तर भिंतही भाड्याची. मी त्या तुकड्याच्या पातळ पातळ तुकड्या केल्या, कालवणात नारळाचा रस वाढवला आणि रागारागाने भांडी आपटत राहिले. "अम्मी, रिलॅक्स. मासाच आहे," अलीजा म्हणाली. मासाच आहे म्हणे!

पाहुणे आले, पानं वाढली. जन्नतआपांनी कालवणात डाव फिरवून बघितला. "अमिनाबाय, डोकं कुठे दिसत नाही ते?"

मी काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात यांनी सगळी हकिगत सांगून टाकली. अगदी रंगवून, हातवारे करून. बोलताना इतके खूश होते, की मला रागातही हसू यायला लागलं.

रियाज हसला, पण वेगळंच. "अंकल, लेबर लोकांना हमूर?"

"त्यांना डाळभात मिळाला तरी खूप झालं," आपा म्हणाल्या. "डोकं त्यांना आणि काटे आम्हाला! आणि खरं सांगू का भाईसाहेब, असल्या लोकांत उठबस शोभत नाही. उद्या सोयरीक झाली आणि आमच्या ओळखीच्या कुणी बघितलं तर?"

यांनी हातातला घास तसाच पानात ठेवला आणि मान खाली घातली. कतारात आले तेव्हा हेही तसल्याच खोलीत राहत होते. तिथली खाट आणि वर टांगलेले कपडे मी फोटोत बघितलेत.

सकाळपासून त्या माणसाला मी बोल बोल बोलले होते. बोलणारच, माझा नवरा आहे. पण माझ्या घरात, माझं कालवण ओरपत दुसऱ्या कुणी त्याला मान खाली घालायला लावायची? अंगाची लाही लाही झाली माझ्या.

"आपा," मी म्हटलं, "त्या गवंड्याने रक्त सांडलं. तुम्ही नुसते हात धुऊन पानावर बसलात. डोकं बरोबर जागी गेलंय."

आपा उठल्याच. "बघू. कळवतो आम्ही, इन्शाल्ला."

"नका कळवू. खलास!"

दार लागलं. हे काय करून बसले मी? यांच्या नावाने दिवसभर ओरडले, आणि पोरीचं स्थळ घालवलं मीच. अलीजा पाहुण्यांची ताटं उचलत होती.

"अम्मी, मला न विचारताच नाही म्हणालीस."

"चुकलं गो बाय माझं," मी कसंबसं म्हटलं.

"काही चुकलं नाही. तो हसला ना, तेव्हाच मी उठणार होते. तू आधी बोललीस." मग ती अब्बांकडे वळली. "फजलचा तो हात कुणी बघितला का? उद्या त्याला आमच्या क्लिनिकला घेऊन या."

हे लगेच फोन शोधायला उठले, भरलं पान तसंच टाकून.

"आधी जेवा!" मी ओरडले.