एकट्याला जमतं

जन्मभर छतांना रंग देणाऱ्या माणसाचा खांदा धड कसा राहील? या रंगाऱ्याला सगळे शिडीकाका म्हणत. उजवा हात कानाच्या वर जाईना, तेव्हा ते बायकोला घेऊन आमच्या रुग्णालयाच्या व्यायामोपचार विभागात आले. खरं तर बायकोच त्यांना घेऊन आली होती.

माझं काम प्रश्नावली भरून घेण्याचं. खांदा किती दुखतो, केस विंचरता येतात का, सदरा घालता येतो का. कामांपुढे चढत्या गुणांची उत्तरं तीनच: जमत नाही, दुसऱ्याच्या मदतीने जमतं, एकट्याला जमतं. प्रश्नावली नवी, त्यामुळे तिचीच परीक्षा चालू होती. दुखणं तेच असेल तर पंधरवड्याने उत्तरंही तीच यायला हवीत. पण आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंना घाई भारी. परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच त्यांनी नियम करून टाकला: गुण वाढले की उपचार बंद, कारण बाहेर रांग मोठी.

पहिल्या खेपेला काका बोललेच नाहीत. उत्तरं काकूच देत होत्या. "यांना सदरा मी घालते. केसही मीच विंचरते. उरलेत किती ते मोजत बसू नका." काका नुसते हसले. मी "दुसऱ्याच्या मदतीने" वर खुणा केल्या.

दुसऱ्या खेपेला ते एकटेच आले. सदऱ्याचं एक बटण भलत्याच काजात गेलं होतं.

"काकू नाही आल्या?"

"गेली ती. मागच्या आठवड्यात. झोपेतच."

मी प्रश्नावली राहू दे म्हटलं, तर तेच म्हणाले, "विचार गं. घरी जाऊन तरी काय करायचंय?"

दुखणं पहिल्याइतकंच होतं.

"केस विंचरता?"

"विंचरतो."

"सदरा?"

"फार वेळ लागतो. डोळ्यांत पाणी येतं. पण घालतो."

"कुणाची मदत?"

"कुणाची असणार आता?"

सगळ्या खुणा "एकट्याला जमतं" वर पडल्या. मला प्रश्नावली लिहिणाऱ्याचा गळा धरावासा वाटला. तशीच मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, "यांचा खांदा सुधारला नाहीये. यांची बायको गेलीय." त्यांनाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हणाल्या, "तसा प्रश्न प्रश्नावलीत नाही. यांना ठेवलं तर रांगेतल्यांना काय सांगू?" आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. इथे तो एका खुणेसरशी गेला.

उपचार बंद झाल्याचं काकांना मीच सांगितलं.

"म्हणजे मी बरा झालो?"

"कागदावर, काका."

"तिला फार हौस होती मला बरं झालेलं बघायची," ते म्हणाले, आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून पोटाशी धरत उठले.

निदान ते बटण तरी नीट लावून द्यावं म्हणून मी पुढे झाले. ते मागे सरले.

"असू दे. उद्याही मलाच लावायचंय."