कृष्णातमामांच्या पोटात राहिलेली गोष्ट

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीच्या वाचनालयात कृष्णातमामा वीसेक वर्षं मदतनीस होते. पुस्तकं देणं-घेणं, धूळ झटकणं, जाताना पंखे बंद करणं ही त्यांना नेमून दिलेली कामं. कोण काय वाचतो हे गल्लीला कळवणं, हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. माणूस मनानं निर्मळ, पण पोटात काही राहत नसे. आकाराम आण्णांनी मधुमेहावरचं पुस्तक नेलं, तर ते घरी पोचायच्या आत कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं त्यांच्या चहातली साखर बंद केली होती. क्रांतीवहिनींनी गरोदरपणातल्या आहाराचं पुस्तक नेलं आणि आपण आजी होणार हे त्यांच्या सासूला भाजीवालीकडून कळलं. मी केसगळतीवरचं एक पुस्तक नेलं होतं. दुसऱ्या दिवशी सलूनवाल्यानं भरल्या दुकानात विचारलं, "कात्री चालवू का र्‍हाऊ दे?" त्यावरून मी मामांशी बरेच दिवस नीट बोललो नव्हतो.

मागच्या वर्षी जुने ग्रंथपाल निवृत्त व्हायला आले. संचालकांनी मामांना सांगितलं, ग्रंथालयशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम पास झालात तर खुर्ची तुमची, नाहीतर बाहेरचा माणूस आणू. मामांनी मनावर घेतलं. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ते स्वयंपाकघरात व्याख्यानं ऐकायला लागले. त्यांच्या शेजारी भाकरी थापणाऱ्या चिमणामामींना पुस्तकांचं वर्गीकरण त्यांच्याआधी पाठ झालं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात वाचकाच्या गोपनीयतेचा धडा आला. कोण काय वाचतो हे ग्रंथपालानं कुणालाही सांगायचं नाही. मामांनी तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून तोंडाला कुलूप घातलं. गल्लीला वाटलं, मामांची दाढ दुखतेय. खरं कळल्यावर मात्र आजवर वाचनालयाची पायरी न चढलेला गल्लीतला विश्वजित सभासद झाला आणि दर शनिवारी एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायला लागला.

नेमकं त्याच विश्वजितचं स्थळ मामींच्या मलकापूरच्या भाचीला, तेजस्वीला, सांगून आलं. चौकशीचं काम अर्थातच मामींकडे.

"पोरगं काय वाचतंय, एवढंच सांगा की," मामी म्हणाल्या.

"ते सांगता येत न्हाय."

"माझ्या भाचीच्या जन्माचा प्रश्न हाय."

"असू दे की. माझ्या वाचकाचा बी हाय."

"म्हंजे काय तरी वंगाळ वाचतंय."

"वंगाळ न्हाय म्हटलं तरी सांगितल्यागतच हुतंय."

आजवर मामांच्या बोलण्यानं जे झालं नाही ते त्यांच्या गप्प बसण्यानं झालं. कुणी म्हणालं, पोरगा संन्यास घेणार आहे. कुणी म्हणालं, परदेशात पळायच्या तयारीत आहे. बातम्या मलकापूरला पोचल्या आणि जमत आलेलं लग्न डगमगायला लागलं. मामांना जेवण जाईना. मला त्यांची पहिल्यांदाच दया आली. शेवटी त्यांनीच मेहुण्याला, म्हणजे तेजस्वीच्या वडिलांना, फोन केला, "पावणं, माझ्याकडनं कळायचं न्हाय. पोराला म्होरं बसवा आन् त्यालाच इचारा."

मेहुणा आला, विश्वजितला घेऊन मिसळ खायला बसला. दोघं हसतच बाहेर आले आणि लग्न ठरलं. पण "ते आमचं आमच्यात" म्हणून भावानंही बहिणीला काही सांगितलं नाही. मामींनी नवरा आणि भाऊ दोघांशीही बोलणं टाकलं.

मग मामांची तोंडी परीक्षा आली, तीही मोबाईलवर. नेट माझ्या घरचं बरं, म्हणून ते आमच्याकडे येऊन बसले. मामी सोबत आल्या आणि दाराआड उभ्या राहिल्या. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी वर्गीकरण विचारलं. मामा अडखळले, निम्मं चुकले. खुर्ची हातची चालली हे आम्हाला दिसत होतं.

"बरं, शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "वाचकाच्या गोपनीयतेचं तुमच्या अनुभवातलं एखादं उदाहरण सांगा."

मामांचा चेहरा उजळला. इतकी चांगली गोष्ट त्यांच्या हाती जन्मात आली नव्हती, आणि आता ती सांगण्यावर नोकरी होती. मामी दाराआडून निम्म्या आत आल्या. मीही खुर्ची पुढं ओढली. मामांनी तोंड उघडलं, मामींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"उदाहरण हाय, मॅडम. लई झ्याक हाय. पण सांगता यायचं न्हाय."

"नाव न घेता सांगा."

"न्हाय जमायचं, मॅडम. हितं सगळी वळखीची हायती."

बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मिळालं उत्तर."

मामा काठावर पास झाले. ग्रंथपालाच्या खुर्चीत बसले त्या दिवशी मी मुद्दाम केसगळतीचं तेच पुस्तक पुन्हा नेलं. मामांनी ते न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. विश्वजित काय वाचतो हे मला अजून माहीत नाही, मामींनाही नाही, आणि त्या अजून मामांना हाताच्या खुणेनंच जेवायला बोलावतात.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये गेलो. दुकान भरलेलं होतं. सलूनवाल्यानं कापड झटकलं, माझ्या गळ्याभोवती बांधलं आणि सगळ्यांना विचारतो तसंच विचारलं, "बारीक करू का मध्यम?"