एक पावसाळा थांबा, असं ती सांगत होती

इंदूआत्या गेली, असा तिच्या दिरांचा पळसदेवहून फोन आला, तेव्हा रडू यायच्या आधी मला लाज वाटली. तिची जाहीर माफी मागायची राहून गेली होती...

वडिलांची ही बहीण नवऱ्यामागं आमच्याकडं राहून पिंपळीजवळच्या अळिंबीच्या शेडवर कामाला जायची. तिथं भुसा आणि कोंबडीखत कुजवून त्यावर अळिंबी, म्हणजे मशरूम, घेतात. पीक निघालं की उरलेलं कंपोस्ट ओढ्यात फेकत. आत्या ते शेडमागं साठवू लागली. एक पावसाळा उघड्यावर ठेवायचं, त्यातला खार धुऊन जाऊ द्यायचा, मगच वांग्या-टोमॅटोला घालायचं. मालक हसायचे, "इंदूबाई, कचरा बी सांभाळताय व्हय?" ती म्हणायची, "तुमाला सांभाळतीया, त्यापुढं ह्ये काय जड न्हाय."

आमचं घर चळवळीतलं; पत्रकांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. पुढं तिच्या या खतावर मीच पत्रक काढलं, तिच्या नावानिशी. मजकूर एका पानात बसेना, म्हणून एक वाक्य कापलं : एक पावसाळा थांबा. घोषणा मात्र एकही कापली नाही.

पत्रक वाचून लोक शेडवर आले. मालकांनी नुकतंच निघालेलं कंपोस्ट ट्रॉल्या भरभरून दिलं. आत्या ट्रॉलीला आडवी गेली, "कच्चं हाय ह्ये, रोपं जळतील." तिला बाजूला सारलं. माळेगावकडच्या मळ्यांत टोमॅटोची कोवळी रोपं करपली. लोक भांडायला आले तेव्हा मालकांनी तिच्याकडं बोट केलं, "ह्या बाईचं डोकं हाय सगळं. पत्रकात नाव बगा की." त्याच दिवशी तिचं काम सुटलं.

"आत्या, ते वाक्य मी कापलं," मी तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तसं छाप की. लोकं मला जळकी इंदू म्हणत्यात गं."

छापते म्हणाले. छापलं नाही. चळवळीची पत जाईल, असं स्वतःला बजावत राहिले. पत माझी होती. आत्या पळसदेवला सासरी निघून गेली.

दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं झाली. त्याच मालकांनी माइक धरला, "इंदूबाईंनी खताचा मार्ग दाखवला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठले, माइक घेतला, कापलेलं वाक्य आणि कापणारीचं नाव, दोन्ही सांगितलं. माळेगावहून आलेले एक तात्या, ज्यांची रोपं गेली होती, तेवढे म्हणाले, "ती असताना बोलायचं व्हतं, पोरी."

नंतर दिरांनी मला परसात नेलं. तिथंही तिनं ढीग घातला होता. शेजारी कान तुटलेला चहाचा कप. "ढिगातलं मूठभर ह्यात घालून मेथी टाकायची," ते म्हणाले. "मेथी करपली की म्हणायची, अजून न्हाय."

मी वाकून पाहिलं. मेथी कपभर दाट उगवली होती. एकही पान करपलेलं नव्हतं. दहा दिवस तिला पाणी घालायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून आडवी पडली होती.

खत तयार झालं होतं.